लाल शाईच्या नोंदी रद्दीत जाऊ देऊ नका

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आपल्या माणसांच्या वह्या-पत्रं जपली जावीत, म्हणून हे पत्र. मुलीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा जावयाने हेंडनचं हवाई दल संग्रहालय दाखवलं. तिथे आर ५८६८ क्रमांकाचं लँकेस्टर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान, उभं आहे. नाकाजवळ बॉम्बच्या चित्रांच्या ओळीच ओळी, एका मोहिमेला एक चित्र. सोबत हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची बढाईही रंगवलेली: शत्रूचं एकही विमान राइशवरून, म्हणजे जर्मनीवरून, उडणार नाही म्हणे! रंगवणाऱ्याच्या खोडसाळपणाला दाद दिली. पण मी गेलो होतो एका आडनावासाठी.

शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. बॉम्बर कमांडमधले, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागातले नॅव्हिगेटर, विमानाला वाट दाखवणारे. एकूण ४५ मोहिमा, त्यांतल्या १४ याच विमानातून. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाचे मानकरी. लँकेस्टरमध्ये सात जण असत. त्यांत नॅव्हिगेटरची जागा पडद्याआड, कारण त्याच्या दिव्याचा उजेड बाहेर दिसता कामा नये. बाहेर विमानभेदी तोफा धडाडत असताना हा गडी पेन्सिलीने नकाशावर रेघा ओढणार आणि वाऱ्याचा हिशेब मांडणार. तो हिशेब चुकला तर सातही जण भलतीकडे. बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० विमानसैनिकांपैकी ५५,५७३ जण मेले. त्यात ४५ वेळा जाऊन परत येणं काय असेल, ते घरी बसून कळायचं नाही.

तुमच्या टेबलावर पहिला आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. इकडे ‘चले जाव’ चालू असताना हे इंग्रजांचं विमान उडवत होते! शिवाय त्या बॉम्बखाली हॅम्बुर्गमधली बायकापोरंही होरपळली. दोन्ही खरं आहे. म्हणूनच मी पुतळा मागत नाही, चौकाला नावही मागत नाही. चौक आपल्याकडे पुरेसे आहेत.

मला हवंय ते कागदाचं काम. आमच्या इमारतीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. युद्धात बॉम्बरवर, नंतर पोरांना विमान शिकवण्यात हयात गेली. त्यांची उड्डाणवही मी एकदाच हाताळली. दिवसाची उड्डाणं निळ्या शाईत, रात्रीची लाल. एका पानावर सलग अकरा लाल ओळी होत्या. शेवटच्या रकान्यात तपशील किती, तर ‘धुके. परत.’ ते गेले, फ्लॅट विकला गेला. मी विचारायला गेलो तोवर पेपरवाला पोती घेऊन गेला होता. वही त्यातच गेली असणार. आदल्या आठवड्यात जिना चढलो असतो तर!

आपल्या पुराभिलेख संचालनालयाकडे शिवकाळ-पेशवाईपासूनचे कागद आहेत, ते जपणारी जाणती माणसं आहेत. त्यांना एवढंच सांगा: दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिक-वैमानिकांच्या वह्या, पत्रं, फोटो घरोघरी जाऊन स्कॅन करा आणि मूळ प्रत घरच्यांना परत द्या. मूळ कागद सरकारजमा होणार म्हटलं, की कुणी कपाट उघडणार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांच्या कुटुंबांचे पत्ते असतात, सुरुवात तिथून होईल. आणि हे दिवाळीच्या आत व्हायला हवं. माळे तेव्हाच रिकामे होतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मुंबई