तुळशीपत्र ओठांवर ठेवा, घशात नको

संपादक महाशय,

आजारपण आणि अध्यात्म यांवरचा आपल्या कालच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखामागची तळमळ खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘अखेरच्या क्षणी गंगाजल व तुळशीपत्र मुखी घालावे’ असं सहज लिहून लेखक पुढे गेले आहेत. कसं घालावं, याबद्दल अवाक्षर नाही, आणि वॉर्डात सगळा घोळ तिथेच होतो.

शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला नीट गिळता येत नाही. चमचाभर पाणीही श्वासनलिकेत उतरतं. खोकायची ताकद संपलेली असली की ठसकाही लागत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं घोट गेला. मग घशातली घरघर वाढते, ऑक्सिजन उतरतो. अख्खं पान टाळ्याला चिकटून बसतं ते वेगळंच. या भीतीने सिस्टर सरसकट ‘नाही’ म्हणतात, आणि त्यांची पाठ वळली की नातेवाईक बाटलीच तोंडाला लावतात. दोन्ही चूक.

पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर घ्यावी, मान एका बाजूला वळवावी. गॉझचा तुकडा बोटाला गुंडाळून तीर्थात बुडवावा, थेंब गळणार नाही इतका पिळावा, आणि ओठ व गालाची आतली बाजू ओली करावी. दातखीळ बसत असेल तर बोट आत घालूच नये, ओठ ओले केले तरी पुरे. पान ओठांना लावून छातीवर ठेवावं. केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या रुग्णाच्या तोंडाला मात्र देवघरात वर्षानुवर्षं ठेवलेलं पाणी लावू नये. बंद गडू उशाशी ठेवावा. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात, आणि घरच्यांना ती पाच मिनिटं जन्मभर आठवतात.

गंड्यादोऱ्यांचंही तेच. हाताला सूज आली की दोरा रुततो, म्हणून तो कात्रीने कापून टाकला जातो, तोही न विचारता. सोडवून दुसऱ्या हातात सैल बांधता येतो, नाहीतर उशीला. डायलिसिसचा फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, ज्या हाताला आहे त्याला घट्ट काही बांधायचं नाही, हे मात्र घरच्यांनी ऐकलंच पाहिजे. ऑक्सिजन चालू असताना निरांजन, उदबत्ती, कापूर खोलीतही नको; ऑक्सिजन चादरीत आणि कपड्यांत मुरतो आणि ठिणगीने भडका उडतो. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचा उपास म्हणजे नारळपाणी, बटाटा, खजूर, केळी, अर्थात पोटॅशियमच पोटॅशियम, आणि तेच त्याच्या मूत्रपिंडांना नीट बाहेर टाकता येत नाही. सैंधव हेसुद्धा मीठच आहे.

हे आधी विचारलं तर सगळं जमतं. पण केसपेपरवर ‘धर्म’ एवढा एकच रकाना असतो. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मूळच्या परिचारिका. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची मिळून एक असते, ही मांडणी त्यांचीच. वांद्र्याचं शांती अवेदना सदन हे असंच हॉस्पिस १९८६ पासून आहे, म्हणजे आपल्याकडेही हे नवं नाही. तरीही दाखल करताना ‘तुम्हाला कशाने धीर येतो? आम्ही काय सांभाळावं? काय नको?’ हे तीन प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तरं केसपेपरवर लिहिली की रात्रपाळीला पुन्हा विचारावं लागत नाही.

जाता जाता आणखी एक. आयसीयूत अखंड मंत्र लावून ठेवण्याच्या प्रथेचं लेखकाने कौतुक केलं आहे. रुग्णांच्या खोलीत रात्री आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे मॉनिटरचे अलार्मच त्याहून मोठे. शिवाय शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वेगळी प्रार्थना हवी असते, किंवा कुठलीच नको असते, आणि तोंडात नळी असल्याने त्याला ‘बंद करा’ म्हणता येत नाही. ज्याला हवं त्याच्या कानाशी हलक्या आवाजात लावावं, बाकीच्यांना झोपू द्यावं.

— एक निवृत्त परिचारिका, सांगली