पावसाआधी 40 नमुना-पेट्या: मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांतली आम्ही मंडळी. दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, शेजारच्या गावात एका घरातून मटण जप्त झालं. घरचे म्हणाले बोकडाचं, सारा गाव म्हणत होता चितळाचं. ते ओलं मटण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं गेलं आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सडलं. डीएनए मिळाला नाही, असा अहवाल आला. पंचनाम्यावर सह्या आमच्यातल्याच दोघांच्या होत्या. पिशवीला गाठ मारताना आम्हालाही काही कळलं नाही, याचं वाईट अजून वाटतं.

बोटाच्या पेराएवढा तुकडा नीट ठेवला असता तरी पुरला असता. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन केंद्राची लॅकोन्स प्रयोगशाळा आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था असे नमुने तपासतात. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग, यांतल्या डीएनएच्या एकेका पेशीत शेकडो प्रती असतात, म्हणून शिजलेल्या मटणातूनही पुष्कळदा प्राणी ओळखू येतो. सुरा धुतला तरी मुठीच्या खाचेत रक्त राहतं. जप्त केलेलं कातडं आणि जंगलात सांडलेलं रक्त एकाच वाघाचं आहे का, हेसुद्धा सांगता येतं. सिंगापूरला 2002 साली पकडलेल्या साडेसहा टन हस्तिदंताचा माग डीएनएवरूनच झांबियाच्या भागापर्यंत लागला होता.

वाघाच्या शिकारीला कायद्यात किमान 3 वर्षांची कैद आहे. पण घटनास्थळी सगळ्यात आधी पोहोचतो तो पायी फिरणारा वनरक्षक, आणि नमुना टिकतो की जातो ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं. त्याच्या हाताशी साध्या सामानाची एक नमुना-पेटी असावी, एवढंच आमचं मागणं आहे: हातमोजे, चिमटा, निर्जंतुक नळ्या, मटणासाठी शुद्ध अल्कोहोल, वाळलेल्या रक्ताच्या डागांसाठी कागदी पाकिटं, सिलिका जेल, लाख आणि सीलचं कापड. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी पडले की ओल शिरली समजायचं आणि दाणे बदलायचे. फॉर्मालिन मात्र कुणी देऊ नये, त्यात डीएनए खराब होतो.

नमुना घेणं वनखात्याचं काम, त्याला आम्ही हात लावणार नाही. भरलेल्या पेट्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन देऊ. आपण रोख द्या किंवा वस्तू, प्रत्येकाला पावती मिळेल आणि हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. औषध दुकानदारांनी हातमोज्यांचा एखादा खोका दिला तरी मोठा आधार होईल. महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी एक दिवस काढून, नळीत किती मांस, किती अल्कोहोल, हे वनरक्षकांना हाताने करून दाखवावं, ही खास विनंती.

आणि गावकऱ्यांनो, रानात फासा, जिवंत तार, रक्त किंवा केस दिसले तर उचलू नका, पायही देऊ नका. जवळच्या वनचौकीत कळवा. नाव सांगायची गरज नाही.

मृगाच्या आत पेट्या बीटवर, म्हणजे वनरक्षकांच्या गस्तीच्या हद्दीत, पोहोचवायच्या आहेत. वस्तू आणि देणग्या दर रविवारी सकाळी समाजमंदिरात घेतल्या जातील.

आपले नम्र,
बफर गावांतील वन्यजीव रक्षण समितीचे सदस्य