डबीवर भाव आहे, गाव नाही

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

विषय : जुन्या गाड्यांच्या स्पेअर पार्टवर बनवणाऱ्याचे नाव-गाव नसणे आणि त्याची पावती मिस्त्रीच्या नावाने फाटणे

महोदय,
सा. न. वि. वि.

वीस वर्षे ओलांडलेल्या मोटारीचे रजिस्ट्रेशन पुन्हा करायला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये लागतात. आधी पाच हजार होते. हा आदेश आपल्या खात्याचा नाही, रस्ते वाहतूक खात्याचा आहे, हे आम्हा गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे. तरीही पत्र आपल्यालाच लिहितो आहोत. सरकारला गाडीची जन्मतारीख अगदी तोंडपाठ असते, पण त्या गाडीत आज बसणारा पार्ट कुठे जन्मला हे कुणी विचारत नाही. ते विचारण्याचे काम आपले आहे. पॅकबंद मालाचे नियम आपले, आयएसआय शिक्का देणारी बीआयएस आपली आणि २४ डिसेंबर २०२२ ला गाजावाजा करून उघडलेले दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही आपलेच.

पॅकबंद मालाचे २०११ चे नियम आपल्याला आम्ही सांगावेत असे नाही. तरी सांगतो, कारण जळगाव-धुळ्याच्या काउंटरवर ते कुणी वाचलेले दिसत नाहीत. डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता हवा, पॅक करणारा वेगळा असेल तर त्याचाही हवा. महिना-साल, एमआरपी, तक्रारीचा फोन हवा. माल बाहेरचा असेल तर आयातदार आणि देश हवा.

आता प्रत्यक्षातली डबी बघा. रंग हुबेहूब कंपनीच्या डबीचा. 'मारुती ८००' बोटभर अक्षरात, त्याच्या डोक्यावर 'सूटेबल फॉर' मुंगीएवढे. होलोग्राम चकाकतो, पण डबी तिरकी केली तरी चित्र हलत नाही. 'बॅच नं.' छापले आहे, पुढे कोरे. पत्ता म्हणजे नुसते शहराचे नाव. एमआरपी मात्र ठसठशीत, ४८०, आणि दुकानदार हसतहसत १४० ला देतो. हा तरी पॅकबंद माल झाला. निम्मा माल पोत्यात सुटा येतो, म्हणजे डबीच नाही आणि नियमही नाही. खान्देशातले गिऱ्हाईक विचारते, "हाऊ पार्ट कोठला शे, भो?" काय सांगायचे? दुकानदार म्हणतो 'दिल्ली माल'. दिल्ली हा काही कारखाना नव्हे.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पत्राचा अर्थ 'चिनी माल हटवा' असा लावला जाईल. चीनचा म्हणून पार्ट वाईट नसतो. तैवान, थायलंडचा चांगला असतो, आपल्या राजकोट-लुधियानाचाही उत्तम असतो, आणि तिन्हीकडचा भंगारही असतो. ज्याने धातूवर नाव, देश आणि बॅच कोरली त्याला उद्या पकडता येते, म्हणून तो लोखंडात पाणी घालत नाही. जो गाव लपवतो त्याच्याकडे लपवण्यासारखे काहीतरी असते.

सगळ्यात स्वस्त पार्टपासून सुरुवात करू, रेडिएटर कॅप, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीचे झाकण. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू. तिच्यावर ०.९ छापलेले असते, म्हणजे ०.९ किलो दाबापर्यंत तिने पाणी आत धरून ठेवायचे. तेवढ्या दाबाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते, उघड्यावर १०० ला. हातपंपाचा टेस्टर लावून बघा. बेनामी कॅपची स्प्रिंग कधी ०.५ लाच उचलते. पुण्यात हे खपून जाईल. भुसावळला मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, वर एसी चालू आणि मागे चार माणसे. पाणी रेडिएटरशेजारच्या बाटलीत उडते. मधला छोटा व्हॉल्व्ह चिकटलेला असला तर इंजिन गार होताना ते पाणी परत ओढलेही जात नाही, वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, चपटा पडतो. दुसऱ्या दिवशी रेडिएटर अर्धा लिटर कमी. आठवड्याने हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचे पॅकिंग, जाते, हेड वाकलेले निघते, सपाट करायला लेथवर जाते. मालक म्हणतो, मिस्त्रीने फसवले.

इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या थर्मोस्टॅटचीही तीच तऱ्हा. त्यावर ८२ ठोकलेले असते, म्हणजे ८२ अंशांना त्याने उघडायचे. व्हॉल्व्हच्या फटीत दोरा अडकवून तो पाण्याच्या पातेल्यात लटकवायचा, खाली गॅस, शेजारी थर्मामीटर. दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडला की आकडा वाचायचा. चांगला ८२ च्या जवळपास सुटतो. बेनामी कधी ९० ओलांडून सुटतो, कधी पाणी उकळले तरी लटकलेलाच. म्हणून आमच्याकडचे मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग थंडीत इंजिन तापत नाही, ॲव्हरेज पडते, ऑइलमध्ये मळी धरते. वरून शहरातली मंडळी आम्हाला जुगाडू म्हणतात. म्हणोत बापडी.

ब्रेककडे मात्र हसून बघता येत नाही. पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले थंड असतानाच्या पकडीचे, दुसरे तापल्यावरचे. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. बेनामी पॅडवर बिनधास्त 'एफएफ' छापतात. छापायला काय लागते, शाई! कन्नड घाट किंवा तोरणमाळ उतरताना कळते. जळका वास येतो, पेडल दगडासारखे कडक आणि गाडी थांबत नाही, म्हणजे पॅडने पकड सोडली. पेडल खाली जमिनीला टेकले तर ब्रेक ऑइल उकळले. डॉट ३ दर्जाचे ताजे ऑइल २०५ अंशांपर्यंत तग धरते, ओलावा प्यायलेले १४० पर्यंत. बाटलीवर डॉट ३ लिहून आत भलतेच भरले तर मास्टर सिलिंडरची रबरे फुगतात. तोवर ती गाडी घाटात असते आणि बाटली कचऱ्यात.

चाक धरून ठेवणाऱ्या बॉल जॉइंटची, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याची, परीक्षा तर कुणालाही करता येईल. गोळ्यावर कानस मारा. टणक केलेल्या पोलादावरून कानस घसरते. मऊ लोखंडात दात रुततात आणि कीस पडतो. असा जॉइंट आमच्या रस्त्यांवर दोन-तीन महिन्यांत खडखडायला लागतो, आणि गोळा वाटीतून निसटला की चाक फाकते. ज्या देशात टायर आणि काचेला आयएसआय सक्तीचे आहे, तिथे ते टायर धरून ठेवणारा जॉइंट पोत्यातून किलोवर यावा, हे अजब आहे.

आता म्हणाल, तक्रार करा. कुणाकडे? वजनमापवाला डबी बघतो, पार्ट नाही. आरटीओ गाडी बघतो, पार्ट नाही. जीएसटीवाला बिल बघतो आणि सुट्या मालाला बिलच नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्पेअर पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, अभिनंदन. कच्च्या चिठ्ठीवर २८ ही नव्हता, १८ ही नाही. पोलिसांत जावे तर ट्रेड मार्क कायद्यात छापा घालायला उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याने आधी रजिस्ट्रारचे मत घ्यायचे असते. मत येईपर्यंत पेटी तीन दुकाने फिरून गाडीत बसलेली असते.

तोवर भुर्दंड गॅरेजचा. पार्ट दुकानदार बदलून देतो, मजुरी कोण देतो? गाडी दोनदा उघडायची, पैसे एकदाच. तिसऱ्यांदा गिऱ्हाईक पलीकडच्या गॅरेजात. आम्ही धुतल्या तांदळाचे आहोत असे नाही. काउंटरवरून कमिशन खाणारे आमच्यातही आहेत, आणि 'स्वस्तातला टाक' म्हणणारे गिऱ्हाईक तर दर तासाला येते. पण महाग आणि स्वस्त यांतला फरक वाचता येईल असे काहीतरी पार्टवर असेल, तेव्हाच निवड म्हणता येईल ना.

आणि कंपनीचाच पार्ट घ्या, हा सल्ला कृपया नको. मारुती ८०० जानेवारी २०१४ ला बंद झाली, ॲम्बेसेडर त्याच वर्षी मे महिन्यात. टवेरा विकणाऱ्यांनी २०१७ च्या शेवटी इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. गाड्या मात्र रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि नंदुरबारच्या मिरचीबाजारात रोज धावतात. जुनी गाडी भंगारात घाला, नवी घ्या, असा तुमच्या सगळ्या खात्यांचा एक सूर आहे. केळीचा भाव पडलेला असताना नवी गाडी कुठून घ्यायची, हे कुठल्या पोर्टलवर लिहिले आहे?

मागणी फार नाही. देश, बनवणारा आणि बॅच नुसत्या डबीवर नको, पार्टच्या अंगावर कोरा, शाईने नको, थिनरने पुसते. सुट्या मालालाही तेच लागू करा. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या पार्टना टायरसारखीच बीआयएसची सक्ती करा आणि नमुने जिल्ह्याच्या काउंटरवरून उचला, कारखान्याच्या दारातून नकोत, तिथला माल चांगलाच असतो. देश सोडणाऱ्या कंपनीकडून किमान ब्रेक-स्टिअरिंगच्या पार्टची मापे आणि ड्रॉइंग ठेवून घ्या, म्हणजे इथला प्रामाणिक कारखानदार ते बनवील. टेस्टर परवडत नसेल तर सांगा, कॅप तपासायचा हातपंप आम्ही उसना देतो.

आपले,
खान्देशातले काही गॅरेजवाले

सोबत : रेडिएटर कॅप, नग ३, तिन्हींवर ०.९ छापलेले. एकीवरही गाव नाही. आपल्या अधिकाऱ्यांना सापडल्यास कळवावे.