बाई, बेडूकमाशांच्या निमित्ताने

आदरणीय बाई,

सा. न.

हे सगळं तुम्हाला फोनवरही सांगता आलं असतं. पण दर पावसाळ्यात कुणा ना कुणाच्या घरी बरणीतून बेडूकमासे येतात आणि त्या प्रत्येक घराला तुमच्यासारख्या बाई मिळतातच असं नाही. तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही कानावर जावं, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानतोय.

पावसाने दडी मारली होती. लेकीने आटत चाललेल्या डबक्यातून थोडे बेडूकमासे उचलून आणले आणि मी तुम्हाला फोन लावला. पहिलाच प्रश्न तुम्ही वर्गातल्यासारखा टाकलात, "पाणी कुठलं आहे?" डबक्यातलंच आहे म्हटल्यावर तुमचा आवाज निवळला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांच्या कल्ल्यांना सोसत नाही. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. पण काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते असं जात नाही. त्याला फिश टँकच्या पाण्यात घालतात ते औषध लागतं. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तमच. शिवाय पाणी सगळंच्या सगळं कधी बदलायचं नाही, थोडं काढायचं, तेवढंच घालायचं. तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत होतात, म्हणून मला काही लिहून घ्यावं लागलं नाही. तरी तुम्ही तुमच्या त्या सुबक अक्षरात दोन कागद लिहून पाठवलेतच.

खाण्याच्या बाबतीत तुम्ही कडक होतात. दगडावरचं शेवाळ, आणि ते संपलं तर उकळून मऊ केलेल्या पालकाचा नखाएवढा तुकडा. उरलेलं त्याच दिवशी बाहेर. मुलांना खायला घालायचा सोस असतो आणि टॅडपोल, म्हणजे हे बेडूकमासे, बहुतेक वेळा उपासाने मरत नाहीत, कुजलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या अमोनियाने मरतात, हे तुम्ही लेकीलाच फोनवर घेऊन सांगितलंत. सगळे जगणार नाहीत, हेही तिला पहिल्याच दिवशी तुम्हीच सांगितलंत. मला ते जमलं नसतं. एक पिल्लू गेलं तेव्हा ती रडली, पण तिने स्वतःच ते लगेच बाहेर काढलं, बाकीच्यांचं पाणी खराब होऊ नये म्हणून.

मागचे पाय आले तोवर सगळं सुरळीत होतं. खरी तुमची गरज लागली ती पुढच्या पायांच्या वेळी. ते आतल्या आत, कातडीखाली तयार होतात. छातीच्या बाजूला कोपराचा फुगवटा दिसू लागला होता. एका सकाळी पाहतो तर एका पिल्लाचा एकच हात बाहेर आलेला, दुसरा अजून आत अडकल्यासारखा. त्याने खाणंही सोडलेलं. आम्ही घाबरून गेलो. तुम्ही म्हणालात, "काही करू नकोस. त्याला हात लावू नकोस, खायला देऊ नकोस. फक्त भांडं तिरकं कर आणि एक दगड ठेव."

मग कारण सांगितलंत. शेवाळ खरवडणारं तोंड आता मोडून किडे पकडणारं तोंड घडतंय. इतके दिवस पोटातून घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं दिसणारं लांबलचक आतडं आखूड होतंय. अशा वेळी खाणार कसं? शेपूट गळून पडत नाही. तिच्यातल्या पेशी विरतात, शरीर ते सगळं शोषून घेतं, आणि तेवढ्या शिदोरीवर पिल्लू हे दिवस काढतं. कल्ले जाऊन फुप्फुसं कामाला लागलेली असतात, म्हणून चढायला जागा नसेल तर ज्या पाण्यात ते वाढलं त्याच पाण्यात बुडून मरतं. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञांनी टॅडपोलना थायरॉइड ग्रंथी खायला घातली आणि ती पिल्लं पुरती वाढायच्या आतच इवलेसे बेडूक झाली, हे तुम्ही इतकं रंगवून सांगितलंत की लेक आता स्वतःच्या गळ्याला हात लावून "ती ग्रंथी इथे असते" म्हणून येईल त्याला सांगते.

संध्याकाळपर्यंत दुसरा हात बाहेर आला होता. पुढे ते पिल्लू दगडावर चढून बसलं. मागे शेपटीचं काळं टोक अजून होतंच. गळ्याखालची कातडी भराभर खालीवर होत होती. लेक जागची हलत नव्हती.

सोडण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मी प्रत्येकाला सांगतो. जिथून आणले तिथेच सोडायचे, दुसरं तळं कितीही छान दिसो. नाहीतर त्यांच्यासोबत रोगही तिकडे जाऊ शकतो. बेडकांना होणारी कायट्रिड बुरशी टॅडपोलच्या फक्त तोंडाच्या कडक भागावर राहते, त्यामुळे पिल्लू धडधाकट दिसतं. बेडूक होताना ती कातडीभर पसरते. बेडूक कातडीनेच पाणी पितो आणि बराचसा श्वासही तिच्यातूनच घेतो, म्हणून ती जीवघेणी ठरते. या बुरशीमुळे जगभरात पाचशेहून जास्त उभयचर जातींची संख्या घटल्याचं २०१९ सालच्या अभ्यासात आलं, हे तुमच्याकडूनच कळलं. भांड्यातलं पाणीही आम्ही कोरड्या जमिनीवर ओतलं. पिल्लांना फार दिवस ठेवू नका, त्यांना हलणारंच भक्ष्य दिसतं आणि एवढे बारीक जिवंत किडे तुम्ही रोज कुठून आणणार, हेही पटलं. पुन्हा पाऊस झाल्यावर डबक्याकाठच्या ओल्या गवतात सगळ्यांना सोडलं.

बाई, तुम्ही निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली. तरी रात्री उशिरा केलेला फोनही तुम्ही उचललात, आणि कधी "किती वेळा विचारशील" असं म्हणाला नाहीत. तुमच्यामुळे ती पिल्लं जगली आणि माझ्या मुलीला थांबून बघता आलं. मनापासून आभार.

आता एक विचारायचंय. तिच्या वर्गातली आणखी दोघं-तिघं पुढच्या पावसाळ्याची वाट बघतायत. तुमच्या त्या दोन कागदांच्या झेरॉक्स त्यांना दिल्या तर चालतील ना? आणि बेडूक पकडायला आपल्याकडे परवानगी लागते का ते आधी विचारा, ही तुमची ओळ सगळ्यात वर मोठ्या अक्षरात घालू का?

तुमचा विद्यार्थी