प्रतिभा म्हणजे उर्मटपणाचा परवाना नव्हे

महोदय,

प्रसिद्ध व्यक्तीने विमानात, हॉटेलात किंवा चाहत्यांशी उर्मट वर्तन केले की ‘कलावंत असेच असतात’ अशी सारवासारव लगेच सुरू होते, हे मला मनापासून खटकते. ‘पिंक फ्लॉइड’ हा माझा सर्वांत आवडता प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. तरीही ६ जुलै १९७७ रोजी कॅनडातील माँट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये या बँडचे गायक-गीतकार रॉजर वॉटर्स रंगमंचाजवळच्या एका चाहत्यावर थुंकले, ही गोष्ट मी कधीच झाकत नाही. त्या कृत्याची पुढे त्यांना स्वतःलाच किळस वाटली, आणि कलाकार व श्रोते यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या भिंतीची कल्पना त्यातूनच रुजून १९७९ मध्ये ‘द वॉल’ हा दोन तबकड्यांचा अल्बम आला. त्याच्या वेष्टनावरील पांढऱ्या विटांवरून बोट फिरवताना आजही मला आधी तो चाहता आठवतो. अल्बम थोर आहेच, पण म्हणून थुंकणे क्षम्य ठरत नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाचा तो अपमानच होता. आपल्याकडेही सेल्फीसाठी पुढे आलेल्या मुलाला एखादा नट ढकलून देतो, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘पारा चढला’ असे चुरचुरीत मथळे देण्याचे थांबवून त्या मुलाचीही बाजू छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे