मॅडम, त्या पेन्सिलीच्या गोलासाठी थँक्यू

मॅडम, असं चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला आवडत नाही हे माहितीये, तरी लिहितोय, कारण समोर बोलायला गेलो की घसा दाटून येतो आणि सांगायचं ते राहूनच जातं.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून आम्हा अकाउंट्सवाल्यांना जो तो एकच ऐकवायला लागला, आता तुमचं काही खरं नाही. तुमच्याआधी मी ज्यांच्याकडे गेलो त्यांचा राग अजून गेलेला नाही. एकाने कोर्सची लिंक पाठवून विषय संपवला. एक सिनियर "अपस्किल हो रे" म्हणाले, नक्की काय शिकू विचारलं तर घड्याळ बघायला लागले. मीटिंगमध्ये स्लाइड लावून सांगितलं की बरीचशी कामं मशीन करणार, पण कोणाची ते काही कोणी बोललं नाही आणि आम्ही सगळे खाली मान घालून बसलो. यातल्या एकाही माणसाने मी दिवसभर करतो काय हे विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात, कागद घेतलात आणि म्हणालात, "काल सकाळपासून काय काय केलंस ते सांग, बारीकसारीक पण सांग." मी सांगत गेलो, बिलं चढवली, बँक स्टेटमेंट जुळवलं, थकबाकीचे मेल टाकले, तुम्ही लिहीत गेलात. मध्येच मी सहज बोलून गेलो की एका पार्टीचं तेच बिल दोनदा आलं होतं, नंबरात फक्त एक डॅश जास्त, बिलं तपासणाऱ्या टूलने दोन वेगळी बिलं धरून पास केलं, मला रक्कम ओळखीची वाटली म्हणून फोन लावला तर त्यांच्याकडून चुकून परत आलेलं. तुम्ही थांबलात, "फोन लावला" या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढलात आणि विचारलंत, "हे तुझ्या रेझ्युमेत कुठंय?"

नव्हतंच कुठे. रेझ्युमेत नुसती सॉफ्टवेअरची नावं होती.

त्यानंतर तुम्ही एआयबद्दल जे बोललात त्याने माझी भीती एकदम गेली असं नाही, पण ती कशाची आहे ते तरी कळलं. नोकरी म्हणजे एक अख्खी वस्तू नाही, पंचवीस लहान कामांचं गाठोडं आहे, मशीन त्यातली काही काढून घेतं, मग उरलेल्यांची किंमत वाढते की गाठोडंच सुटतं हे बघायचं. 2016 मध्ये जेफ्री हिंटनसारखा एआयमधला मोठा शास्त्रज्ञ म्हणाला होता की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाचेक वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं बघेल, आणि आज स्कॅन वाचायला एआय आलंय तरी डॉक्टर लागतातच, कारण स्कॅन वाचणं हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे, सगळं काम नाही. पण खोटा धीर तुम्ही दिला नाहीत, हे मला सगळ्यात जास्त भावलं. 1979 मध्ये व्हिजिकॅल्क नावाचं सॉफ्टवेअर आलं, कॉम्प्युटरवरची स्प्रेडशीट सुरू झाली, आकड्यांवरून विचार करणाऱ्यांचं काम वाढलं, पण नुसत्या बेरजा करणाऱ्यांचं काम गेलं आणि त्यातले सगळे काही पुढे सरकले नाहीत, हेही तुम्ही तितक्याच स्पष्ट सांगितलंत. हे एआय टूल बरोबर असतानाही ठाम बोलतं आणि चुकतानाही तितकंच ठाम बोलतं, म्हणून खाली सही कोणाची हा प्रश्न कधी सोडू नकोस, म्हणालात.

तुम्हाला यातून काहीही मिळणार नव्हतं. मी तुमच्या टीममधला नाही, कोणाच्या ओळखीने आलेलो नाही. एवढं मोठं पद असलेला माणूस दुसऱ्याच्या रोजच्या कामाकडे इतक्या आदराने बघू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि अशी माणसं आहेत म्हणूनच ऑफिसात टिकून राहावंसं वाटतं.

आता एक मागणं आहे. तुम्हीच म्हणाला होतात की सगळ्यात पहिला फटका नवीन मुलांना बसणार, कारण ज्या बारीक कामांतून आम्ही शिकलो तीच टूलकडे गेली. आमच्याकडे दोन जणी नवीन आल्यात, त्यांना मी आठवड्यातून एकदा टूल बंद ठेवून हाताने बिलं जुळवायला लावतो, वरचे कुरकुर करतात, तरी लावतो. पण बाकीचं मला तुमच्यासारखं सांगता येत नाही. एकदा तासभर याल का मॅडम त्यांच्यासाठी? कधी ते तुम्ही ठरवा, वरच्यांशी मी बोलतो.