वैमानिकांच्या झोपेत सवलत देऊ नका

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

आपण पुण्याचे, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहिते आहे. माझी मुलगी प्रवासी विमानावर सहवैमानिक आहे. पहाटे तीनला तिला न्यायला गाडी येते, तेव्हा मी गॅलरीत उभी असते.

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळुरूला आलेलं विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरची धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली. कॅप्टनला १० हजार तासांहून जास्त अनुभव होता. पण चौकशीत निघालं ते असं, की वाटेत ते दीड तासाहून अधिक वेळ झोपले होते. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरणंसुद्धा आहे. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू काही वेळ पुरता जागा होत नाही. विमान फार उंचावरून खाली येत होतं, सहवैमानिक पुन्हा पुन्हा ‘गो अराउंड’ (न उतरता परत वर घ्या) म्हणत होता, तरी ते उतरवलंच गेलं. सकाळचे सहा वाजून गेले होते. पहाटे दोन ते सहा शरीर सर्वांत मंद असतं, हे झोपेच्या अभ्यासकांनी केव्हाच दाखवून दिलं आहे.

जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, हेच ओळखून वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम बदलले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली, रात्रीची लँडिंग ६ वरून २ वर. नियम न्यायालयात गेले, २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. आणि डिसेंबरमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा रात्रीच्याच नियमांत तिला फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली. विमानतळांवर अडकलेल्यांचे हाल मी पाहिले आहेत. पण वैमानिक भरायला कंपनीला जवळजवळ दोन वर्षं होती. हिशेब तिचा चुकला, जागरण मात्र वैमानिकांच्या वाट्याला आलं.

पुन्हा अशी सूट देऊ नका.

आणखी एक. थकव्याचे अहवाल कंपन्यांनी दर तिमाहीला डीजीसीएला द्यायचे असतात. ते लोकांसमोर येऊ द्या. किती वैमानिकांनी थकवा कळवला, किती जणांचा मान्य झाला, पुढे काय केलं, हे कंपनीनिहाय कळू दे. ‘कळवलं तर रोस्टरमध्ये (ड्युटीच्या वेळापत्रकात) राग निघेल का?’ असं माझी मुलगी मला विचारते. माझ्याकडे उत्तर नाही. डीजीसीएने ते लेखी द्यावं, ही विनंती.

आपली,
पुण्यातल्या एका सहवैमानिकेची आई